बेळगाव ते मुंबई: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात आमच्या ओळखीत कुणाला मुंबई गाठायची असली की पहिला फोन मला येतो. कुणाच्या मुलाची मुलाखत असते, कुणाला टाटा हॉस्पिटलची तारीख मिळालेली असते, कुणाच्या साडूची एकसष्टी असते. प्रश्न मात्र ठरलेले. तेच ते सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. आता फोन आला की हे पान पाठवतो.

बेळगाव ते मुंबई अंतर नेमकं किती?

कशानं जाताय ते आधी सांगा. चार जण चार आकडे सांगतात आणि चौघंही खरं बोलत असतात.

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत नकाशावर सरळ पट्टी ठेवली तर सुमारे ४०४ किलोमीटर भरतात. वैमानिकांच्या भाषेत हेच २१८ सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पट्टी बेळगाव शहरापासून थेट मुंबईच्या फोर्टपर्यंत ठेवली तर आकडा ३८५ च्या आसपास येतो. फरकाचं कारण सोपं आहे. सांबरा शहराच्या पूर्वेला दहा किलोमीटरवर, म्हणजे मुंबईच्या उलट दिशेला. सहारही फोर्टच्या पुढं उत्तरेला. दोन्ही टोकं लांबली की वीसेक किलोमीटर सहज वाढतात.

रस्त्यानं कोल्हापूर, सातारा, पुणे करत गेलात तर ४९० ते ५०० किलोमीटर. रेल्वेनं ६१० च्या घरात, कारण गाडी आधी मिरजेला जाते, तिथून पुण्याला, मग घाट उतरून मुंबईला. सरळ रेषेच्या दीडपट झालं की हे.

विमानाला किती वेळ लागतो? इंटरनेटवर अर्धा तास दाखवतंय.

वेळापत्रकात एक तास ते सव्वा तास धरलेला असतो. तोच खरा माना.

अर्ध्या तासाचा हिशेब शाळकरी गणिताचा आहे. ४०४ किलोमीटरला ताशी ८०० नं भागलं, तीस मिनिटं आली, झालं. पण विमान काही दारातून ८०० च्या वेगानं सुटत नाही. इंजिन सुरू करून धावपट्टीच्या टोकाला जायचं, वर चढायचं, जेमतेम सरळ उडायला लागलं की खाली यायची तयारी करायची. एवढ्या छोट्या प्रवासात पूर्ण वेगाचा तुकडा फार लहान असतो. लांब पल्ल्याला हे गणित जरा बरं जमतं. दिल्ली सांबऱ्याहून सरळ रेषेत १,४३० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीनपट. वेळ मात्र सव्वादोन-अडीच तास, म्हणजे जेमतेम दुप्पट.

विमान कुठलं यावरही आहे. पन्नास आसनांचं एम्ब्रेअरचं छोटं जेट ताशी ८०० च्या आसपास जातं. पंख्याचं एटीआर ५०० च्या आसपास. चारशे किलोमीटरला त्यानं पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो, जास्त नाही.

खरा वेळ खातं ते मुंबईचं आकाश. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरात असते. सगळ्या देशाची विमानं त्या एका पट्टीवर उतरायला रांगेत. आपलं विमान पन्नास मिनिटांत मुंबईच्या डोक्यावर पोचतं आणि मग घिरट्या घालत बसतं. खाली तीच खाडी दोनदा, तीनदा दिसली की समजायचं, अजून नंबर आलेला नाही.

विमान कुठल्या कुठल्या गावांवरून जातं? खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

हा माझा आवडता प्रश्न. एका रविवारी नकाशावर खरोखरच पट्टी ठेवून बघितलं. सांबऱ्याहून निघालेली रेघ संकेश्वर आणि गडहिंग्लजच्या मधून जाते. म्हणजे कर्नाटक कधी संपलं आणि महाराष्ट्र कधी लागला, ते चहाची गाडी निघायच्या आत होऊन गेलेलं असतं. पुढं निपाणी आणि कागल उजव्या हाताला राहतात आणि कोल्हापूरच्या जरा पश्चिमेनं रेघ वर सरकते. त्यानंतर ती थेट कोयना धरणावर येते. अंतराचा बरोबर मध्य काढला तर तो शिवसागर जलाशयावर पडतो. म्हणजे बेळगाव आणि मुंबईच्या मधोमध कोयनेचं पाणी! पुढं प्रतापगड, रायगड उजवीकडं थोड्या अंतरावर, मग पेण, आणि आली मुंबई.

विमान काही पट्टीवरून चालत नाही, त्याला आखून दिलेले हवाई मार्ग असतात. त्यामुळं पाच-पंचवीस किलोमीटर इकडं तिकडं होणारच. तरी जाताना उजवी खिडकी घेतलीत तर घाटमाथा आणि धरणं, डावी घेतलीत तर कोकण आणि लांबवर समुद्र. येताना उलटं. दिवाळीच्या आधी, पाऊस ओसरून हवा धुतल्यासारखी झालेली असते तेव्हा उजवी खिडकी मागून घ्या. जुलैत कुठलीही घ्या, ढगच बघायचेत.

पन्नास आसनी जेटमध्ये एका बाजूला एकच आसन असतं आणि दुसऱ्या बाजूला दोन. मधलं आसन हा प्रकारच नाही. एकट्यानं जाणाऱ्याला एकेरी रांग मिळाली तर खिडकीही त्याची आणि वाटही त्याची.

घरातून निघून घरी पोचेपर्यंत खरा वेळ किती?

पाच ते सहा तास.

शहापूर, टिळकवाडी, वडगाव अशा भागातून सांबऱ्याला अर्धा-पाऊण तास. दीड-दोन तास आधी पोचायचं. सव्वा तास विमान. पट्ट्यावरून बॅग यायला वीस मिनिटं. मग मुंबईचा रस्ता; परळला जायचं तर एक ते दीड तास, तोही गणपतीचे दिवस नसतील तर. म्हणजे प्रत्यक्ष आकाशात आपण एकूण प्रवासाचा पाचवा हिस्सा असतो.

रात्रीची बस दहा-अकरा तास घेते, रेल्वे बारा ते चौदा. पण रात्री जेवून बसलात, झोपलात आणि सकाळी दादरला उतरलात, तर दिवस मोडत नाही. त्यामुळं तब्येत धडधाकट असेल आणि काम सकाळचं असेल, तर मी अजूनही रात्रीची गाडीच सांगतो. पेशंट बरोबर असेल, म्हातारं माणूस असेल किंवा त्याच दिवशी परतायचं असेल, तर विमान. पाठीचं दुखणं असेल तर प्रश्नच नाही. कागल ते सातारा रस्त्याचं काम बघितलेला माणूस तुम्हाला बाकीचं सांगेल.

आम्ही निपाणीचे. सांबऱ्याला यावं की कोल्हापूरला जावं?

कोल्हापूरला जा की. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव सत्तरच्या पुढं. उजळाईवाडीचा विमानतळ तर कोल्हापूरच्या अलीकडंच, हायवेला लागून. चिकोडीकरांनाही बहुधा तेच सोयीचं. अथणीवाल्यांनी मुंबईसाठी विमानाचा नाद सोडावा आणि मिरजेला जाऊन रेल्वे धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

खानापूर, नंदगड, हलशी, हिंडलगा, येळ्ळूर, कडोली यांना सांबराच. चंदगड महाराष्ट्रात असलं तरी तिकडच्या लोकांना बेळगावच जवळ. बाजारही त्यांचा इथलाच, विमानतळही इथलाच.

गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. बेळगावहून सरळ रेषेत सत्तर किलोमीटर, पण मधे सह्याद्री उभा आहे, म्हणून चोर्ल्यातून किंवा आंबोलीतून रस्त्यानं शंभर-सव्वाशे पडतात. मोपाहून मोठी विमानं खूप सुटतात, दरही कधीकधी निम्मे असतात. हिवाळ्यात हा सौदा वाईट नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड आली तर वाचवलेले पैसे टॅक्सीवाल्याला जातात. पूर्वेला हुबळी आहे, शंभरेक किलोमीटर, रस्ता सपाट आणि चांगला. पण मुंबईला जायला उलट्या दिशेनं शंभर किलोमीटर जायचं, हे मन घेत नाही.

रोज थेट विमान असतं का?

याचं उत्तर मी लिहून ठेवत नाही. उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. आठवड्यातले दिवसही बदलतात. तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघा. मागच्या वर्षी मेव्हणा गेला होता त्या वेळेवर भरवसा ठेवू नका.

एवढं मात्र सांगून ठेवतो. थेट विमान नसलं की बुकिंगची ॲप्स बेंगळूरमार्गे तिकीट दाखवतात. सांबरा ते बेंगळूर ४४५ किलोमीटर, तिथून मुंबई आणखी ८३०. चारशे किलोमीटरच्या कामाला पावणेतेराशे किलोमीटर हिंडायचं, मधे तीन तास बसून दोनशे रुपयांची कॉफी प्यायची. हा अगदी अक्षरशः द्राविडी प्राणायाम. त्यापेक्षा हुबळी-पुणे वंदे भारत बघा. सप्टेंबर २०२४ पासून ती बेळगाव, मिरज, सांगली करत पुण्याला जाते. रोज नसते, पण ज्या दिवशी असते त्या दिवशी पुणं गाठून पुढं मुंबई सहज होते.

मुंबई जवळ की बेंगळूर?

बघा, म्हणजे प्रश्न फिरून तिथंच आला!

हवेतून मुंबई ४०४, बेंगळूर ४४५. मुंबई चाळीस किलोमीटरनं जवळ. रस्त्यानं मुंबई ४९० ते ५००, बेंगळूर ५०५ च्या आसपास. जवळजवळ बरोबरी. रेल्वेनं दोन्हीकडं साधारण ६१०. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची राजधानी मुंबईऐवजी बेंगळूर झाली, त्यात किलोमीटरचा दोष नव्हता एवढं यावरून कळतं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जवळची राजधानी तिसरीच आहे. पणजी, एकशे दहा किलोमीटर.

ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळूर-बेळगाव वंदे भारत सुरू झाल्यापासून तिकडं दिवसाउजेडी साडेआठ तासांत जाता येतं. मुंबईच्या बाजूला थेट असं काही अजून नाही.

डिसेंबरात तिकीट इतकं महाग का दिसतं?

सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकचं बेळगावातलं विधानभवन. तिथं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, सगळे एकदम बेळगावात. विमानं बेंगळूरच्या बाजूची भरतात, पण खोल्या आणि टॅक्सी सगळ्यांनाच महाग पडतात. त्या दहा-पंधरा दिवसांत शक्य असेल तर पाहुण्यांना बोलावू नका. नाताळ-नववर्षाची गर्दी लगेच त्याच्या पाठोपाठ असते, तेही ध्यानात ठेवा.

सीमाप्रश्न तापला की अडचण वेगळी असते. दोन्हीकडच्या सरकारी बसेस कोगनोळी-कागलच्या आसपास थांबवतात आणि बसचे प्रवासी एकदम विमान, रेल्वे शोधायला लागतात. बातमी ऐकल्या ऐकल्या तिकीट काढणारा सुटतो. संध्याकाळी काढू म्हणणारा घरी बसतो.

पावसाळ्यात विमानावर भरवसा ठेवावा का?

अर्धा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, घाटमाथ्याच्या कडेला. जुलै-ऑगस्टात ढग अगदी घरांच्या पत्र्यांना टेकल्यासारखे खाली येतात. वैमानिकाला ठरावीक उंचीवरून धावपट्टी दिसलीच पाहिजे. दिसली नाही की तो परत वर जातो.

एका जुलैत मी मुंबईहून येत होतो. खाली मारिहाळच्या बाजूची भिजलेली शेतं क्षणभर दिसली, चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला, मागं कुणीतरी घरी फोन लावायला मोबाइल काढलासुद्धा. आणि एकदम इंजिनांनी जोर धरला, पाठ खुर्चीला चिकटली, सगळं पांढरं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा प्रयत्न न करता आम्हाला हुबळीला उतरवलं. शेजारच्या आजींनी शांतपणे विचारलं, "काय ओ, सांबरा आलं न्हवं?" मी म्हटलं, आलं होतं, पण दिसलं नाही. कंपनीनं बस देतो म्हणून दोन तास बसवून ठेवलं, शेवटी आम्ही चौघांनी मिळून टॅक्सी केली. विमानाचा वेळ सव्वा तास, एकूण नऊ तास. त्या दिवशी रात्रीची बस माझ्या आधी पोचली असती.

म्हणून पावसाळ्यात ऑपरेशनची, परीक्षेची, कोर्टाची तारीख असेल तर एक दिवस आधी निघा. आणि शक्यतो दुपारचं विमान घ्या, सकाळचं धुकट तोवर थोडं तरी वर सरकलेलं असतं.

ॲपवर बेळगाव टाकलं की काही सापडत नाही.

'बेळगावी' टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे, काही ठिकाणी अजून जुनं 'बेलगाम' चालतं. तरी नाही सापडलं तर विमानतळाचं संकेताक्षर टाका: आयएक्सजी. ते नाव बदललं तरी बदललेलं नाही.

मुंबईसाठी मात्र आता डोळे उघडे ठेवा. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 'मुंबई' म्हटलं की दोन विमानतळ समोर येतात. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझचा जुना, एनएमआय म्हणजे पनवेलकडचा नवा. खारघर, पनवेलला जायचं असेल तर नवा छानच. परळ, दादर, बोरिवलीला जायचं असेल तर जुना. जुन्यातही टर्मिनल दोन आहेत, एक आणि दोन, आणि रस्त्यानं ती एकमेकांपासून लांब आहेत. परतीच्या वेळी रिक्षावाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' म्हणू नका, तिकिटावरचा आकडा वाचून सांगा.

दोन्ही शहरांच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही. उन्हात सहा-सात मिनिटांचा आहे, कारण मुंबई आपल्या पश्चिमेला. सूर्य आधी आपल्या डोक्यावर येतो, मग त्यांच्या. पूर्वी मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागं. ते १९५५ पर्यंत वापरात होतं.

सांबरा विमानतळ नवा आहे का?

इमारत नवी, विमानतळ जुना. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी ब्रिटिश हवाई दलानं तो बांधला. आजही शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तेव्हा फोटो काढायची हौस आवरा. आत्ताचं टर्मिनल सप्टेंबर २०१७ चं. त्याच सुमारास धावपट्टी २,३०० मीटर झाली आणि मोठी विमानं उतरायला लागली. १० मार्च २०२४ ला आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आमचा दगड बसला, त्यांचा दरवाजा उघडला.

छोट्या शहरांना जोडणारी उडान योजना आणि जानेवारी २०१९ ला सुरू झालेली, कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाची स्टार एअर, या दोन्हींमुळं सांबऱ्याला खरी जाग आली. त्याआधी पाहुणा विमानानं आला म्हटलं की गल्ली बघायला गोळा व्हायची.

बेळगावहून परदेशी विमान आहे का?

नाही. मुंबई, बेंगळूर किंवा गोवा गाठा.

किती आधी पोचायचं?

दीड तास पुरे, दोन असले तर निवांत. बॅगा घ्यायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग "ओ साहेब, विमान हितंच उभं हाय की" म्हणून काही उपयोग नसतो. आधार कार्ड खिशात ठेवा, बॅगेच्या तळाला नको. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. मोफत असते आणि रांगही चुकते. आपल्याकडचे म्हातारे "मी चालतो की" म्हणून ऐकत नाहीत, त्यांना मुंबई टर्मिनलची लांबी आधी समजावून सांगा.

कुंदा आणि मांडे विमानात नेता येतात का?

कुंदा बिनधास्त न्या. घट्ट गोड आहे, सांडत नाही. तूप आणि लोणचं मात्र खालच्या बॅगेत, घट्ट झाकण लावून, दोन पिशव्यांत. वजन बहुतेक कंपन्यांत खाली पंधरा किलो आणि हातात सात. छोट्या जेटमध्ये डोक्यावरचा कप्पा अगदी अरुंद असतो. चाकाची बॅग शिडीपाशीच काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. त्यामुळं मोडणारं काही तिच्यात ठेवू नका.

आणि मांड्यांइतकं मोडणारं जगात दुसरं काही नाही. माझ्या पुतणीच्या लग्नाला रुखवताचे एकवीस मांडे घेऊन गेलो होतो, पत्र्याच्या गोल डब्यात, मधे मधे कागद घालून. तपासणीच्या यंत्रात जवानाला नुसत्या गोल चकत्या दिसल्या. डबा उघडायला लावला, वाकून बघितलं, हिंदीत विचारलं, "ये क्या है, रोटी?" मी म्हटलं, रोटीच समजा, पण बोट लावू नका. सव्वा तास डबा मांडीवर धरून बसलो. मुंबईवर घिरट्या घातल्या तेव्हाही एक मोडला नाही. नंतर वाकोल्याच्या सिग्नलला टॅक्सीवाल्यानं कचकन ब्रेक मारला आणि वरचे चार गेले. लग्नघरातल्या पोरांनी तेच आधी संपवले.